बिनशिक्क्याचा काटा

"फोन इथे टेबलावर ठेवा," गुरसाळेकाका म्हणाले. "आणि बसा. वर गॅस बंद करून आलात ना?"

"हो."

"ठीक. म्हणजे घाई नाही."

काकांनी जिन्यातून हाक मारली तेव्हा मला वाटलं होतं, कुमुदकाकूंना दिवाळीच्या फराळात मदत हवी असेल. मी न्हाऊन केस टॉवेलात गुंडाळून तशीच खाली उतरले होते. स्वयंपाकघरातून खोबरं परतल्याचा वास येत होता, पण काकू काही बाहेर आल्या नाहीत. रविवारची सकाळ, आणि काका इस्त्रीचा शर्ट घालून, बाह्यांची बटणं लावून जेवणाच्या टेबलाशी बसले होते. यावरूनच मला कळायला हवं होतं.

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पांढऱ्या पानावर मोठा लाल त्रिकोण, आत उद्गारचिन्ह.

"वाचा. मोठ्यानं."

मी वाचलं. "तुमचे कनेक्शन खाजगी नाही. हल्लेखोर १९२.१६८.१.१ वरून तुमची माहिती, उदाहरणार्थ पासवर्ड किंवा संदेश, चोरण्याचा प्रयत्न करत असू शकतात."

"'हल्लेखोर'पासून पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"आता तुमच्या फोनमध्ये वायफायच्या नावावर दाबा. खाली एक नंबर येईल. तो सांगा."

टेबलाच्या वरच्या फळीवर इंटरनेटचा पांढरा डबा होता. त्याचे हिरवे दिवे निवांत लुकलुकत होते. मी फोन उचलून नंबर शोधला. "१९२.१६८.१.५."

काकांनी मान हलवली. ती मान मी ओळखत होते. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराच्या काट्यावर पाव किलो शेंगदाणे कमी भरले होते तेव्हाही ती अशीच हलली होती.

"बाहेरचा चोर असता तर नंबर बाहेरचा असता," ते म्हणाले. "हा घरातला आहे. एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक. तिथपर्यंत दोन्ही नंबर एक आहेत. या घरात आम्ही दोघं आणि तुम्ही. आम्ही आमचीच माहिती चोरणार नाही."



काका वजनमापे खात्यात निरीक्षक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण कराडच्या मंडईत ते पिशवी घेऊन शिरले की व्यापारी अजूनही तराजूची पारडी पुसायला घेत. उभी हयात त्यांनी एकच काम केलं: समोरचा माणूस काय म्हणतो ते ऐकायचं नाही, त्याच्या वजनावर शिक्का आहे की नाही ते बघायचं. निवृत्तीनंतर स्वतःच्या खर्चानं त्यांनी पितळी वजनांचा एक संच घेतला होता, तो रीतसर पडताळून, शिक्के मारून आणला होता आणि मखमलीच्या पेटीत ठेवला होता. त्याला हात लावायचा तर रुमालानं. घामानं वजन बदलतं म्हणे.

आणि मी होते बिनशिक्क्याची. सांगलीहून नवऱ्याचं घर सोडून आले होते. कराडात खोल्या बघत हिंडले, तेव्हा प्रत्येक दारात पहिला प्रश्न एकच असायचा: तुमच्या ओळखीचं कोण आहे गावात? गावात कोणी नव्हतं. भाऊ म्हणाला होता, ओळख देतो, पण सांगलीला परत जाणार असशील तर. गुरसाळ्यांच्या दारात पोचेपर्यंत मी इतकी वैतागले होते की काकूंनी दार उघडल्याबरोबर एका दमात सांगून टाकलं, "मी नवरा सोडून आलेय, घरबसल्या करायची नोकरी आहे, ओळख देणारं कोणी नाही. खोली द्यायची नसेल तर आत्ताच सांगा, ऊन फार आहे." काकू हसल्या आणि त्यांनी आधी पाणी दिलं. काकांनी मात्र अट घातली. दिवाळीपर्यंत एका तरी जबाबदार माणसाची ओळख आणून द्यायची, तोवर तुमच्या शब्दावर. 'शब्दावर' म्हणताना त्यांचा चेहरा कडू झाला होता.

दिवाळी आता तोंडावर आली होती आणि माझ्याकडे जबाबदार माणूस नव्हता. नोकरी होती ती दवाखान्यांची कागदपत्रं टाईप करायची. डॉक्टरांचं बोलणं कानाला लावून ऐकायचं आणि लिहून पाठवायचं, सगळं इंटरनेटवरून. त्यासाठीच काकांनी हा डबा बसवून घेतला होता. खोली गेली असती तर मी रस्त्यावर आले नसते. मी सांगलीला गेले असते. ते रस्त्यापेक्षा वाईट होतं.

"काका," मी म्हणाले, "हे पान नेहमीच येतं. सगळ्यांच्या डब्यांवर येतं. काही नसतं त्यात."

हे मी म्हणायला नको होतं. काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"नोकरीत असताना मला रोज एक तरी दुकानदार हेच सांगायचा. साहेब, सगळ्यांचेच काटे असे असतात. काही नसतं त्यात."

"पण तुम्ही हे पान उघडलंतच कशाला?"

"तो कनेक्शनवाला म्हणाला होता, डब्याचा पासवर्ड बदलून टाका, वायफायचाही बदला. डब्याच्या पोटाशी पत्ता चिकटवला आहे, तो टाकला की डब्याचं पान उघडतं. मी पत्ता टाकला. तर डब्याच्या पत्त्यावर हल्लेखोर बसलेला. म्हणजे कोणीतरी आत शिरलंय. मी तुमच्यावर आरोप करत नाही, वृषालीबाई. पण ज्या माणसाची ओळख नाही, त्याला मी घरात ठेवलं, ही माझी चूक झाली. दिवाळी इथेच करा. नंतर मात्र दुसरीकडे बघा."

त्यांचा आवाज जराही चढला नाही. ओरडले असते तर मीही ओरडले असते. भांडायला मी कधी कमी पडलेली नाही. पण इतक्या सभ्यपणे कोणी हाकललं की भांडण करायचं कुठून तेच सुचत नाही. माझे डोळे भरून आले, आणि त्याचाच मला राग आला.

त्या रागातच मी विचारलं, "काका, तुम्ही दुकानात तपासणीला गेलात की सगळ्यांत आधी काय तपासायचा?"

"दुकानदाराचा काटा."

"त्याच्याही आधी?"

ते थांबले. "आधी आमची स्वतःची वजनं. ती पडताळलेली आहेत की नाहीत, ते त्याला दाखवायचं. नाहीतर त्याचा काटा खोटा म्हणायचा आम्हाला काय अधिकार?"

"मग तुमच्या फोनचा नंबर बघितलात का?"

बघितला नव्हता. पण माणूस नियमाचा. त्यांनी खिशातून फोन काढला, वायफायच्या नावावर दाबलं, नाकाशी धरून वाचलं. मग लांब धरून वाचलं.

"एकशे ब्याण्णव," ते हळूच म्हणाले. "एकशे अडुसष्ट. एक." आणि जरा थांबून, "तीन."

"आणि माझा?" आतून काकूंचा आवाज आला. इतका वेळ त्या सगळं ऐकत होत्या. हातातला झारा तसाच घेऊन बाहेर आल्या आणि कमरेला खोचलेला फोन त्यांनी काढून दिला. "बघा बाई, मीही टोळीत आहे का."

काकूंचा शेवटचा आकडा चार निघाला. लॅपटॉपचा दोन.

"म्हणजे घरात सगळेच चोर," काकू म्हणाल्या. "अहो, आपलीच माहिती आपण एकमेकांकडून चोरतोय की काय?"

"काका, पहिले तीन आकडे म्हणजे आपली गल्ली," मी घाईघाईनं म्हणाले. "शेवटचा आकडा म्हणजे दार. या डब्यावर जे जे जोडलं जातं, त्याला डबाच हे दारनंबर वाटतो. एक नंबरचं दार त्याचं स्वतःचं."

काकांनी ऐकून घेतलं. पण ते सहजासहजी सोडणारे नव्हते.

"यानं तुम्ही सुटत नाही," ते म्हणाले. "यानं एवढंच ठरतं की नंबरवरून काही सिद्ध होत नाही. लाल पान अजून आहेच."

"मग तपासा ना."

"तपासणार." काका उठले. बाह्यांची बटणं काढून त्यांनी त्या दुमडल्या, आणि खरं सांगते, त्याच क्षणी मला पहिल्यांदा जरा धीर आला. आतापर्यंत ते निकाल देत होते. आता ते तपास करायला निघाले होते, आणि तपासाच्या बाबतीत त्यांच्यावर कुणाचाही भरवसा बसला असता.

"काटा खोटं का दाखवतो ते शोधायचं, तर एकेक गोष्ट बाजूला काढायची," ते म्हणाले. "पारडं काढायचं, बघायचं. साखळी काढायची, बघायची. तुमचा फोन बंद करा. पूर्ण बंद. वर आणखी काही जोडलेलं आहे?"

"कामाचा लॅपटॉप."

"तोही बंद करून या."

मी जिना धावत चढले आणि धावत उतरले. काकांनी पान पुन्हा उघडलं. लाल त्रिकोण.

"फोन नाही, लॅपटॉप नाही, तरी आलंच," काकू म्हणाल्या. त्यांनी झाऱ्यानंच पडद्याकडे बोट दाखवलं. "मग ही बिचारी कुठून चोरतेय? डोळ्यांनी?"

"थांब गं. आता बाहेरचा." काकांनी फळीवर हात घालून डब्याच्या पाठीमागची बारीक पिवळी वायर अलगद काढली. बाहेरून घरात इंटरनेट येत होतं ते तिच्यातूनच. डब्यावरचा एक दिवा तांबडा झाला. आता जगातल्या कुठल्याही चोराला आमच्या घरात यायला वाट नव्हती. काकांनी पान पुन्हा उघडलं. 

लाल त्रिकोण. तेच वाक्य. हल्लेखोर.

काका खुर्चीत बसले.  मग म्हणाले, "बाहेरचं कोणी नाही. तुम्ही नाही. राहिलं कोण? मी, हा लॅपटॉप, आणि तो डबा. हे पान मग कुणाबद्दल बोलतंय?"

"डब्याबद्दल," मी म्हणाले. तोवर मलाही नीटसं माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी ते पान सवयीनं ओलांडत आले होते. पण आता माझी खोली त्या त्रिकोणावर टांगलेली होती, त्यामुळे मी तो त्रिकोण पहिल्यांदाच नीट बघितला. वरच्या पट्टीत 'सुरक्षित नाही' असं लिहिलं होतं. त्यावर दाबलं, तर आत प्रमाणपत्र बघायची सोय होती. मी ते उघडलं.

"कुणाला दिलंय ते वाचा काका."

काकांनी डब्याच्या कंपनीचं नाव वाचलं.

"आणि कुणी दिलंय?"

त्यांनी वाचलं. तेच नाव होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत वाचलं.

"देणारा आणि घेणारा एकच?"

"हो."

"स्वतःच स्वतःला शिक्का मारलाय?" काकांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा चढला. "अहो, हा गुन्हा आहे! माझ्या वजनांवर माझा शिक्का नाही. ती वरच्या प्रयोगशाळेत पडताळलेली. तिथली वजनं त्याहून वरच्या प्रयोगशाळेत. असं करत करत दिल्लीपर्यंत. मध्ये एकानंही 'मी म्हणतो म्हणून खरं' म्हणायचं नाही!"

"तेच आहे ते," मी म्हणाले. मला बोलता बोलता कळत होतं. "बँकेचं पान उघडलं की बँकही प्रमाणपत्र दाखवते, पण ते दुसऱ्या कुणीतरी तपासून दिलेलं असतं. असे शिक्का मारणारे कोण कोण, ते ब्राउझरला आधीपासून माहीत असतं. तो शिक्का बघतो आणि आत सोडतो. या डब्याला मात्र कुणी शिक्का दिलेला नाही. तो म्हणतो, मीच मी आहे. ब्राउझर म्हणतो, याला मी ओळखत नाही, कुणी चोरही असू शकेल. 'असू शकेल' म्हणतो काका. 'आहे' म्हणत नाही."

"ओळख नाही म्हणजे भरवसा नाही. ब्राउझरचं बरोबर आहे." काकांनी लॅपटॉप अर्धा मिटला. "उद्या हा डबा परत देऊन टाकतो. जो स्वतःच्या शब्दावर उभा आहे, तो मला घरात नको."

हे बोलून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. ते डब्याबद्दलच बोलले होते. तरी मला तोंडात मारल्यासारखं झालं. डबा गेला असता तर काम गेलं असतं, आणि काम नसेल तर कुठल्याच गावात खोली मिळाली नसती. पण तेवढंच नव्हतं. चोर ठरले नव्हते मी, निर्दोष सुटले होते, आणि तरीही काही बदललं नव्हतं.

काकू आत गेल्या. मला वाटलं, वड्या करपत असतील. त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात स्वयंपाकघरातला काटा होता. हिरव्या पत्र्याचा, वर ताटली, पोटात घड्याळासारखी तबकडी. ताटलीत साखरेचे दाणे चिकटलेले. तो त्यांनी काकांच्या पुढ्यात आदळला.

"यावर शिक्का कुठे आहे दाखवा."

"हे काय मध्येच?"

"दाखवा ना. उभ्या जिल्ह्याचे काटे तपासलेत. लग्न होऊन आले तेव्हापासून मी यावर साखर मोजतेय. याचा शिक्का दाखवा."

काकांनी काटा उचलला, फिरवला, उलटा केला. साखर टेबलावर सांडली. शिक्का नव्हता. तळाशी इंग्रजीत काहीतरी छापलेलं होतं, निम्मं पुसून गेलेलं. काकांनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"फक्त घरगुती वापरासाठी," काका म्हणाले. "व्यापारासाठी नाही."

"मग जप्त करा," काकू म्हणाल्या.

काका उठले. आतल्या खोलीतून मखमलीची पेटी घेऊन आले. रुमालात धरून अर्ध्या किलोचं पितळी वजन त्यांनी ताटलीत ठेवलं. आम्ही तिघंही वाकलो. तबकडीवरचा काटा थरथरला, पुढे सरकला आणि चारशे सत्तरच्या आसपास येऊन थांबला.

"कमी दाखवतो!" काका ओरडले. "कुमुद, हा काटा खोटा आहे! अगं, तू अर्धा किलो साखर म्हणून त्याहून जास्त घालत आलीस इतकी वर्षं!"

"खोबरं मी वाटीनं घेते आणि साखर काट्यानं. तरीच वड्या तुम्हाला आवडतात."

"आणि मला डॉक्टर साखर कमी करा म्हणतोय!"

काकू हसायला लागल्या. मीही. डोळ्यांत पाणी होतं ते तसंच होतं आणि हसूही आवरेना. काका मात्र हसत नव्हते. ते काट्याकडे बघत बसले होते, आणि मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. कायदा तोंडपाठ असलेला माणूस मनातल्या मनात एखादं कलम शोधत असावा, तसे त्यांचे ओठ हलत होते.

"व्यवहारात वापरलेल्या काट्यालाच मुद्रांकन लागतं," ते शेवटी म्हणाले. "देणारा एक आणि घेणारा दुसरा असेल तर. तिथे मध्ये शिक्का हवाच, कारण ते एकमेकांना ओळखत नसतात. घरातल्या घरात…" ते थांबले. "घरातल्या काट्याला लागत नाही. मीच शिकवायचो नवीन मुलांना. घरात शिरून काटे तपासायचे नाहीत."

"का बरं?" काकूंनी मुद्दाम विचारलं.

"कारण तिथे माणसं रोज बघत असतात त्याला."

 मग काकांनी लॅपटॉप परत उघडला.

"हा डबा माझ्या फळीवर आहे. मी स्वतः बसवून घेतलाय. पत्ता त्याच्या पोटावर आहे तोच मी टाकलाय. बाहेरची वायर काढलेली आहे. म्हणजे समोर बोलतोय तो हाच, दुसरा कोणी नाही. बरोबर?"

"बरोबर."

"मग यापुढे लाल पान आलं की नेहमी पुढे जायचं?"

"अजिबात नाही," मी म्हणाले. "घरात बसून, आपल्याच डब्याच्या पत्त्यावर आलं, तरच. बँकेच्या पानावर, पेन्शनच्या पानावर, दुसऱ्या कुठेही आलं, तर तिथून मागे फिरायचं. पासवर्ड टाकायचाच नाही."

"दुकानातला काटा बिनशिक्क्याचा असला तर जप्त," काका समाधानानं म्हणाले. हे त्यांना लगेच पटलं. त्यांनी 'प्रगत' असं लिहिलं होतं तिथे दाबलं, 'पुढे जा' असं लिहिलं होतं ते दोनदा वाचलं, आणि एकदाचं बोट टेकवलं. डब्याचं निळं पान उघडलं. माझा जीव भांड्यात पडला.

पुढचं काम त्यांनी माझ्याकडून शिकून घेत स्वतःच केलं. डब्याचा पासवर्ड कारखान्यातून आला होता तोच होता, जगात कुणालाही ठाऊक असेल असा. तो बदलला. मग वायफायचा बदलला. पानावरची एकही ओळ त्यांनी वाचल्याशिवाय सोडली नाही. काकू एव्हाना ताटात वड्या थापून आत-बाहेर करत होत्या.

"हे काय आहे?" काकांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क. चालू करायचं की बंद, असं विचारतोय."

मी गप्प बसू शकले असते. पण सकाळपासून त्या घरात इतका खरेपणा चालला होता की माझ्यानं राहवलं नाही.

"घरात येणाऱ्या-जाणाऱ्या परक्या माणसांसाठी असतं ते," मी म्हणाले. "त्यांना इंटरनेट मिळतं, पण घरातल्या फोनपर्यंत, लॅपटॉपपर्यंत पोचता येत नाही. मधे भिंत असते." मी डोक्यावरचा टॉवेल सावरला. "ते चालू करा काका, आणि मला त्यावर टाका. माझं काम तेवढ्यावर होतं. दिवाळीनंतर जायचंय ते जाईनच, पण तोवर तुम्हाला घोर नको."

 आतमध्ये वड्या कापायची सुरी थांबली. काकांनी टेबलावरच्या हिरव्या काट्याकडे बघितलं. त्यातलं पितळी वजन रुमालानं उचलून पेटीत ठेवलं, पेटी मिटली. मग चष्मा नीट केला, लॅपटॉपवर वाकले आणि त्या ओळीपुढे 'बंद' होतं ते बंदच ठेवून खालचं बटण दाबलं.

"बंद असू दे," ते म्हणाले. "घरात पाहुणं कोण आहे?"

मी बंद केलेला फोन पुन्हा चालू केला.

"नवा पासवर्ड सांगतो, लिहून घे. एकदाच सांगणार आहे." त्यांनी माझ्याकडे न बघता पिवळी वायर उचलली आणि डब्याच्या मागे चाचपडत जागा शोधू लागले. "आणि आधी केस पूस नीट. सणासुदीला सर्दी करून घेशील."

काकूंनी बशी आणून पुढे ठेवली. वडी अजून कोमट होती. मी रडत रडतच ती खाल्ली. साखर जरा जास्तच पडली होती, नेहमीसारखी, आणि मी आणखी एक घेतली.